सोमवारचं व्रत आणि नेपानगरची मीटिंग

आमचे वडील दारू सोडण्यात पटाईत होते. घरीदारी सगळे त्यांना भाऊ म्हणत, त्यांची एकुलती एक मुलगी असून मीही भाऊच म्हणायचे. तर हे भाऊ वर्षातून चार-पाचदा तरी दारू सोडायचे आणि दर वेळी अगदी साग्रसंगीत. कधी राजघाटावर उभं राहून ओंजळीत तापीचं पाणी घेऊन, कधी खंडोबापुढं बेलभंडार उचलून, कधी माझ्या डोक्यावर हात ठेवून. डोक्यावर हात आला की मी डोळे गच्च मिटून घ्यायचे, कारण शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो मरतो, असं आत्यानं मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. मी काही मेले नाही. आता साठी उलटली आहे आणि गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. श्रावण मात्र भाऊ कडक पाळायचे. महिनाभर थेंब नाही, मटण नाही, दाढीसुद्धा नाही. आई त्या महिन्यात गुणगुणत काम करायची. पण श्रावण सुटला की त्याच संध्याकाळी भाऊ महिन्याभराचा हिशेब एका बैठकीत चुकता करायचे, आणि वर म्हणायचे, "पाळलं ना महिनाभर? आता कोणाच्या बापाची भीती?" व्रत पुरं झालं की माणूस मोकळा, हे आमच्याकडं सगळ्यांनाच मान्य होतं. त्यामुळं त्या दिवशी त्यांना कोणी बोलायचंही नाही.

आमचं घर आमच्या तापीकाठच्या गावातल्या लालबागला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. भाऊ एका केळीच्या व्यापाऱ्याकडं वॅगन भरून घेण्याचं काम बघायचे. आसपासच्या गावांतून केळीचे घड बैलगाड्यांतून आणि ट्रकांतून मालधक्क्यावर यायचे, मजूर ते वॅगनमध्ये वाळक्या पाल्यावर रचायचे, आणि सगळा माल नीट बसला की दार ओढून शिक्का मारायचा. मग ती केळी दिल्लीला. आम्ही दिल्ली पाहिली नव्हती, पण दिल्लीवाले रोज आमची केळी खातात या गोष्टीचा भाऊंना फार अभिमान होता. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असायचे. हे डाग सोड्यानं जात नाहीत, लिंबानं जात नाहीत, कशानंच जात नाहीत. आईनं शेवटी नाद सोडला आणि भाऊंना गडद रंगाचे सदरे शिवायला लागली. वॅगनला शिक्का पडला की मजूर आणि भाऊ मिळून कलालीकडं, म्हणजे दारूच्या गुत्त्याकडं, वळायचे. तो जणू कामाचाच भाग. शंटिंगचे धक्के थांबले, इंजिनानं लांब शिटी दिली, की आई पोळपाट बाजूला ठेवून दाराकडं बघायची. गाडी सुटल्यावर भाऊ लगेच आले तर ठीक. नाही आले तर आम्ही दोघी जेवून घ्यायचो आणि त्यांचं ताट झाकून ठेवायचो.

आईनं त्यांच्यासाठी सोमवार धरले होते. मी शाळेत जायला लागले त्याच्याही आधीपासून. सोळा सोमवार बायका करतातच, सतराव्याला उद्यापन करून मोकळ्या होतात. पण आईनं तापीकाठच्या महादेवापुढं संकल्पच असा सोडला होता की यांची दारू सुटेल तोवर सोमवार चालतील. मोजदाद नाही, मुदत नाही. दिवसभर नुसतं पाणी आणि केळं, आणि दिवेलागणीला महादेवाला जाऊन आल्यावर एकदा जेवण. केळी भाऊच आणायचे. वॅगनमध्ये चढवताना ज्या फण्या तुटायच्या त्या ते रुमालात बांधून घरी आणत. म्हणजे ज्यांच्यासाठी उपास त्यांच्याच हातची केळी खाऊन आई उपास करायची, आणि कधी कधी ते रुमालाची गाठसुद्धा नीट सोडवू शकायचे नाहीत इतके प्यालेले असायचे. तिचा चेहरा सोमवारी दुपारनंतर पांढरा पडायचा. तरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची, आमच्यासाठी भरताची वांगी भाजायची. त्या खरपूस वासात उपाशी बसून ती काय विचार करत असेल, हे मला आजही वांगी भाजताना आठवतं.

हे असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे, पण एका संध्याकाळी भाऊंनी माणूस कोंडला. वॅगनचं दार ओढण्याआधी मुकादमानं, म्हणजे भाऊंनी, आत तोंड घालून सगळ्या मजुरांना नावानं हाक मारायची, प्रत्येकानं बाहेरून 'ओ' द्यायची, मगच शिक्का, ही मालधक्क्यावरची जुनी रीत. त्या दिवशी भाऊंनी दुपारपासूनच घेतली होती. त्यांनी हाक मारली नाही. फोपनार गावचा रामदास नावाचा मजूर वरच्या थरातले घड सारखे करता करता पाल्यावरच आडवा झाला होता, त्याला डोळा लागला. दार ओढलं गेलं, शिक्का पडला, इंजिन जोडलं आणि गाडी सुटली. वॅगनला हवेसाठी जाळ्या होत्या म्हणून तो वाचला. पुढच्या चांदनी स्टेशनात मालगाडी क्रॉसिंगला थांबली तेव्हा आतून कोणीतरी ठोकतंय हे पॉइंट्समनच्या कानावर पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं रामदास परत आला तो थेट आमच्या दारात. अंगाला कच्च्या केळीचा वास, केसांत पाल्याचे तुकडे. भाऊ ओसरीवर बसले होते. रामदास हसून म्हणाला, "भाऊ, तुमच्या मेहेरबानीनं फुकटात दिल्ली पाहून आलो असतो. चांदनीलेच उतरवलं मले." भाऊ लहान पोरासारखे रडायला लागले. मी त्यांना प्यायल्यावर रडताना पुष्कळदा पाहिलं होतं. न पिता रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि मला भीती वाटली.

त्या वेळी आईनं ती गोष्ट काढली जी तिनं दोन-तीन महिने मनात ठेवली होती. नेपानगरला आईची एक मावसबहीण राहायची, तिच्याकडं हळदीकुंकवाला गेली असताना शेजारच्या बंगाली बाई भेटल्या होत्या. त्यांचे यजमान कागदाच्या मिलमध्ये. बोलता बोलता त्या बाईंनी आईला सरळ सांगितलं होतं, की मेरा आदमी भी पीता था, अब नहीं पीता, वो लोग सब मिलके बैठता है, बात करता है. आईनं विचारलं होतं, "महाराज कौन हैं?" त्या म्हणाल्या, "महाराज कोई नहीं." महाराज नाहीत म्हटल्यावर आईचा अर्धा विश्वास उडाला, पण तिनं ती गोष्ट टाकून दिली नव्हती. आता ती भाऊंना म्हणाली, "अहो, एकदा चला. नाही पटलं तर नका जाऊ." एरवी भाऊंनी तिला उडवून लावलं असतं. त्या दिवशी ते म्हणाले, "चल."

आम्ही तिघंही गेलो. मी हिंदी शाळेत होते आणि आईचं हिंदी बाजारापुरतं, म्हणून दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली. पॅसेंजर चांदनीला बराच वेळ उभी राहिली, तेव्हा भाऊ खिडकीकडून तोंड फिरवून बसले होते. आईच्या पिशवीत नारळ, उदबत्ती आणि हार होता. महाराज नसले तरी तसबीर तरी असेलच की, असा तिचा हिशेब. एका शाळेच्या मागच्या खोलीत मीटिंग होती. तसबीर नव्हती. लाकडी बाकं गोलात मांडलेली, कोपऱ्यात स्टोव्हवर चहा, आणि दहा-बारा पुरुष, सगळ्या मुलखांतले. मिलमुळं नेपानगरात पंजाबी, मल्याळी, बंगाली, मराठी असे सगळेच होते, आणि जो तो आपापल्या तऱ्हेचं हिंदी बोलायचा. त्या काळी शाळेत आम्हाला राष्ट्रीय एकात्मतेवर दर वर्षी निबंध लिहायला लावत. ती एकात्मता मी प्रत्यक्षात पाहिली ती त्या दारुड्यांच्या खोलीत, हे मी कुठल्या निबंधात लिहिलं नाही. आईनं हार कोणाला घालायचा म्हणून इकडंतिकडं पाहिलं. बंगाली बाईंचे यजमान, परिमलदा, पुढं आले. उंच, टक्कल पडलेले, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी हार बाजूला ठेवला, नारळ घेतला, दाराच्या पायरीवर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. "आज अच्छा हुआ," ते म्हणाले, "रोज खाली चाय होता है."

मग एकेक जण बोलायला लागला. परिमलदा उभे राहून म्हणाले, "मेरा नाम परिमल, मैं शराबी हूँ." आईनं माझा हात दाबला. "हा तर सोडली म्हणत होता." मी पुढं कान देऊन ऐकलं आणि तिला सांगितलं की त्यांनी कित्येक वर्षं घेतलेली नाही. "मग असं का म्हणतो?" परिमलदा सांगत होते की मी कायमची सोडली असं कधीच म्हणत नाही, कायमचं म्हटलं की मला तहान लागते. मी सकाळी उठतो आणि फक्त आजच्यापुरतं नाही म्हणतो. उद्याचं उद्या. त्यानंतर एका पंजाबी ड्रायव्हरनं आपली मुलगी आपल्याला पाहून पलंगाखाली लपायची ते सांगितलं. कोणी हळहळलं नाही, उपदेश केला नाही. नुसतं ऐकलं. शेवटी परिमलदांनी भाऊंकडं पाहिलं. भाऊ उठले, टोपी काढली, परत घातली. "मेरा नाम दत्ता," ते म्हणाले. मग म्हणाले, "मैंने आदमी को आवाज नहीं दिया." एवढंच. खाली बसले. सगळे म्हणाले, "नमस्ते दत्ता." मी आईला भाषांतर करून सांगायला गेले तर ती म्हणाली, "राहू दे. हे समजलं मला."

परतीच्या गाडीत भाऊ झोपले, तोंड उघडं टाकून, गाढ. आई मात्र जागी होती आणि हिशेब करत होती. "मंदे," ती मला हळूच म्हणाली, "यांच्यात कोणाची सुटतच नाही का गं?" मी म्हटलं, सुटते, पण रोजच्या रोज. "म्हणजे माझे सोमवार काही संपत नाहीत," ती म्हणाली. तक्रार नव्हती, तिनं फक्त नोंद घेतली. ती सुटेल तोवरचा संकल्प, आणि या लोकांच्या हिशेबानं ती कधीच सुटलेली म्हणायची नाही. माझी आई चौथी पास होती, पण व्रताच्या कायद्यात तिला कोणी वकील लागत नव्हता.

भाऊ दर सोमवारी आणि गुरुवारी नेपानगरला जायला लागले. वॅगनला शिक्का पडला की मजूर कलालीकडं आणि भाऊ फलाटाकडं. पहिले काही आठवडे त्यांच्या हातात चहाची बशी वाजायची. चिडायचे. गूळ खायचे, मूठभर गूळ. एकदा धक्क्यावरून परस्पर कलालीच्या दारापर्यंत गेले आणि तिथून स्टेशनात येऊन, मीटिंग नसताना, नेपानगरची गाडी पकडून परिमलदांच्या घरी जाऊन बसले. बौदींनी, म्हणजे परिमलदांच्या बायकोनं, त्यांना भात आणि माशाचं कालवण वाढलं. भाऊंनी आयुष्यात मासा खाल्लेला नव्हता. "दारू घेण्यापेक्षा मासा बरा, म्हणून गिळला," असं त्यांनी घरी येऊन सांगितलं, आणि आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. हळूहळू आमच्या घरातला आवाज बदलला. संध्याकाळी इंजिनानं शिटी दिली तरी पोळपाट थांबेनासा झाला, निदान मीटिंग नसलेल्या दिवशी तरी. सोमवारी मात्र आई उपाशी असायची आणि भाऊ नेपानगरला, आणि गाडी परत येईतो तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. बौदी तिला भेटल्या की म्हणायच्या, "दीदी, तुम उसको पकड़ के मत रखो. तुम भी बैठो थोड़ा." आई मान डोलवायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "यांना काय जातंय सांगायला."

असं वर्ष होत आलं आणि आत्या आली. भाऊंची थोरली बहीण, फोपनारला दिलेली. भाऊ तिला जिजी म्हणत. घरची केळीची बाग, आवाज शेतातून गावात ऐकू जाईल असा, आणि भावावर जीव. भाऊंनी वर्षभर घेतली नाही हे तिनं साऱ्या फोपनारात सांगून ठेवलं होतं. आल्या आल्या आईला म्हणाली, "कमल, वरीस झालं. उद्यापन कधी करी राहिली?" आईनं विचारलं, कसलं उद्यापन. "कसलं म्हणजे? त्याच्या व्रताचं. इतकं मोठं व्रत धरलं माझ्या भावानं, ते अर्धवट ठेवू नाही माय. उद्यापन नाही केलं तं फळ जातं. आणि त्याचं पुरं झालं म्हणजे तुझे सोमवार बी आपोआप सुटतात. किती वाळली तू, पाह्य बरं आरशात." आत्याच्या बोलण्यात खोट नव्हती. आमच्या सगळ्या जातगोतात हीच समजूत. व्रत धरलं तर त्याला शेवट पाहिजे, ब्राह्मण-मेहूण जेवले पाहिजेत, पाणी सुटलं पाहिजे, नाहीतर ते माणसाच्या डोक्यावर बसतं. आईच्या डोळ्यांत मला त्या क्षणी जी हाव दिसली ती मी विसरणार नाही. सोमवार सुटायची हाव. तिनं भाऊंकडं पाहिलं. भाऊ म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं," आणि उठून बाहेर गेले.

पुढच्या सोमवारचा दिवस ठरला. भाऊ त्या आठवड्यात गप्प गप्प झाले. गूळ पुन्हा सुरू झाला. गुरुवारी मीटिंगला जाऊन आले. शनिवारी आत्याचे यजमान, फुवाजी, सामान घेऊन आले, भाऊंच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एकदाचं उद्यापन होऊ द्या शालकबुवा, मग मर्यादेत घ्यायला कोणाची हरकत नाही. मोकळे तुम्ही." चेष्टाच होती. फुवाजी मर्यादेत घेणाऱ्यांपैकी होते, त्यांना मर्यादा दिसायची. भाऊ हसले नाहीत. मी त्यांच्या शेजारी केळीची पानं पुसत होते. मला श्रावण आठवला. दरवर्षी श्रावण सुटल्यावरची ती संध्याकाळ आठवली. मी आईला गाठून म्हटलं, "आई, हे नको करू या." आई म्हणाली, "पाहुण्यांना बोलावणी गेली गं." पण ती हे माझ्याकडं न बघता म्हणाली, त्यावरून मला कळलं की श्रावण तिलाही आठवला होता.

सोमवारी पहाटेपासून घर भरलं. अंगणात चूल मांडून त्यावर मांड्यांचं खापर उपडं घातलं होतं. आत्या पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि अलगद खापरावर टाकायची, आणि तोंडानं सगळ्यांना कामाला लावायची. तूप कढल्याचा, वेलदोड्याचा वास. आई चौरंगाभोवती रांगोळी काढत होती, नव्या लुगड्यात, रिकाम्या पोटी. भाऊ आंघोळ करून सोवळं नेसून पाटावर बसले, आई त्यांच्या उजव्या हाताला. गुरुजींनी पूजा सांगितली. महादेवाला बेल वाहून झाला, आरती झाली. मग गुरुजींनी भाऊंच्या ओंजळीत पळीभर पाणी, अक्षता आणि सुपारी दिली आणि म्हणाले, "आता म्हणा, हे व्रत संपूर्ण झालं, आणि ताम्हणात सोडा."

भाऊ तसेच बसून राहिले. बोटांच्या फटींतून पाणी सोवळ्यावर ठिबकत होतं. गुरुजींना वाटलं ऐकू आलं नाही. त्यांनी परत सांगितलं. भाऊ म्हणाले, "गुरुजी, हे सोडलं म्हणजे मी मोकळा ना?"

"मोकळे. अगदी निर्धास्त."

"मग नाही सोडत."

आत्या खापरावरचा मांडा तसाच टाकून दारात आली. "काय झालं रे? गुरुजी बसेल आहे, मेहूण बसेल आहे, आणि तू काय बोली राहिला?"

"जिजी," भाऊ म्हणाले, "श्रावण सुटला की मी काय करायचो ते तुले माहीत आहे. हे पाणी सोडलं की माझं डोकं मले म्हणेल, झालं तुझं, पाळलं वर्षभर, आता कोणाची भीती. मी ओळखतो माझ्या डोक्याले. मले मोकळं नाही व्हायचं. मी पिणारा माणूस आहे. आज घेतली नाही. उद्या सकाळी उठून परत हेच धरीन. याचं उद्यापन नाही होत."

आलेल्या पन्नास माणसांपुढं त्यांनी हे म्हटलं. आमच्या नात्यात असं कोणी बोलत नाही. पितात सगळे, बोलत कोणी नाही. फुवाजी छताकडं बघायला लागले. आत्याचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ती आकांत करणार, पण त्याआधी भाऊ पुन्हा बोलले. "गुरुजी, उद्यापन करा, पण हिचं करा. उपास हिनं केले. मी तर एक सोमवार उपाशी राहिलो नाही."

गुरुजी चांगला माणूस. त्यांनी पोथी पुन्हा उघडली. "यजमान बदलले तर संकल्प बदलावा लागेल," ते म्हणाले. "बदलू. त्यात काय."

पण आईनं ओंजळ पुढं केली नाही. तिनं भाऊंना विचारलं, आणि आवाज बारीक होता तरी सगळं घर इतकं गप्प होतं की शेवटच्या पाटापर्यंत ऐकू गेलं. "आणि परत घेतली तर?"

तिच्या साऱ्या सोमवारांचा अर्थ त्या प्रश्नात होता. ती उपाशी आहे म्हणून काहीतरी धरून ठेवलं आहे, तिनं हात सोडला तर सगळं कोसळेल, अशी ती इतकी वर्षं बसली होती. भाऊंनी तिच्याकडं तोंड वळवलं. नवरा-बायको चारचौघांत एकमेकांच्या डोळ्यांत बघत नसत त्या काळी. "कमल," ते म्हणाले. तिला नावानं हाक मारलेलीही मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. "तू उपाशी होतीस तेव्हाही घेतलीच ना मी? तुझ्या उपासानं ती थांबली नाही. तुझ्या जेवणानं ती येणार नाही. माझं मी पाहतो. तू जेव."

अंगणात मांडा करपल्याचा वास सुटला होता आणि कोणी उठत नव्हतं. मग आईनं ओंजळ पुढं केली. गुरुजींनी नवं पाणी दिलं, तिचं नाव घेतलं, तिचं व्रत सांगितलं, आणि तिनं पाणी ताम्हणात सोडलं. हात रिकामा झाल्यावरही ती तळव्याकडं बघत राहिली. पहिली हलली ती आत्या. करपलेला मांडा फेकून तिनं दुसरा घातला, तो तुपात बुडवून थाळीत आणला आणि आईपुढं ठेवला. "खाय वं बाई," ती म्हणाली. "माझ्या भावाचं त्याच्यापाशी राहू दे." तिचं नाक लाल झालं होतं. गुरुजींच्या आधी, मेहुणांच्या आधी, भर दुपारी सोमवारी आई जेवली. असं करायचं नसतं. कोणी काही म्हटलं नाही.

लोक मला अजून विचारतात, मग सुटली का कायमची? भाऊ असते तर म्हणाले असते, आजचं विचार. ते पुष्कळ जगले. धक्का बंद झाला, केळी ट्रकनं जायला लागली, परिमलदा निवृत्त होऊन कलकत्त्याला गेले, तरी भाऊ त्या बाकांवर बसत राहिले आणि नव्यानं आलेल्यांना चहा देत राहिले. ते गेले त्या दिवशी त्यांनी घेतलेली नव्हती आणि त्याच्या आदल्या दिवशीही नव्हती, एवढं मी सांगू शकते. एवढं पुरेसं असतं हे मला त्यांनीच शिकवलं.

त्या सोमवारी पंगती उठल्या. फुवाजी व्यवस्थित जेवले, दोनदा मांडा मागून घेतला. उष्ट्या पानांचा ढीग, भांड्यांचा खणखणाट, पोरांचा गोंधळ, आत्याचा आवाज, या सगळ्यात आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती ती तिथंच झोपली. दिवसा झोपलेली आई मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, तापातसुद्धा नाही. भाऊ पाण्याचा तांब्या घ्यायला आत आले, तिला बघून थबकले. बाहेर जाऊन त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीला म्हटलं, "जिजी, जरा हळू." आणि आत्या खरोखर हळू बोलायला लागली, हे त्या दिवसातलं दुसरं आश्चर्य. उन्हं उतरल्यावर भाऊंनी सदरा घातला, चिकाचे डाग असलेला, रोजचाच. मीटिंगचा दिवस होता. मी म्हटलं, आईला उठवू का. "नको," ते म्हणाले, आणि चपला घालून स्टेशनाकडं गेले.

आई उठली तेव्हा दिवे लागले होते, नेपानगरची गाडी सुटून बराच वेळ झाला होता. तिनं डोळे चोळले, लुगडं सारखं केलं, रिकाम्या खुंटीकडं पाहिलं. सदरा नव्हता. मला वाटलं आता विचारेल, कधी गेले, कसे होते, परत कधी येणार. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"मंदे," ती म्हणाली, "मांडा उरलाय का गं एखादा?"